दोन ग्लास पाणी आणि सुरणाचा चुलतभाऊ

रात्री साडेदहाला भांडी आवरली, ओटा पुसला, गॅसचा कॉक बंद केला की माझा हात आपोआप शेवेच्या डब्याकडे जायचा. भूक नसायची बरं का. साडेआठला पोळी भाजी आमटी भात असं रीतसर जेवण झालेलं असायचं. तरी डबा उघडायचा, उभ्या उभ्या एक मूठ, मग अजून एक मूठ, मग तिखट झालं म्हणून गुळाचा खडा आणि गोड झालं म्हणून परत शेव. लाईट पण लावायचे नाही मी, फ्रिजच्या दिव्यात चालायचं सगळं. नवऱ्याला वाटायचं मी दूध विरजतेय.

तर गेल्या मार्चमध्ये ऑफिसच्या चेकअपला एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं, म्हणजे डायबेटिस नाही पण दारात येऊन उभा. वजन ७१ किलो, उंची पाच फूट एक इंच, कंबर ९४ सेंटीमीटर. डॉक्टर म्हणाले आपल्याकडे बायकांची कंबर ८० च्या आत हवी, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ झाला की आपण भारतीय लोक लठ्ठ, बाहेरच्यांसारखं ३० पर्यंत थांबायचं नाही. माझा साडेएकोणतीस. थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहेच. त्यांनी डाएटचा कागद दिला, मी तो फ्रिजवर मॅग्नेटने लावला आणि त्याच्याच खाली उभी राहून शेव खाल्ली.

डाएटमध्ये माझी गाडी कुठे अडते ते मला नीट माहीत होतं. सकाळी मी साध्वी असते. साडेचारला ऑफिसात चहाबरोबर कुणीतरी फरसाण फोडतं तिथे पहिली विकेट, भांडुप स्टेशनबाहेर उतरलं की वड्याचा वास येतो तिथे दुसरी (एक वडापाव म्हणजे जवळपास तीनशे कॅलरी, म्हणजे माझ्या तीन फुलक्यांचा हिशोब एका घासात), आणि रात्रीची ती शेव. सासूबाई म्हणायच्या, या वयात डोहाळे कसले लागलेत तुला. मला वजनाचं औषध नकोच होतं खरं तर, ही वखवख बंद करणारं काहीतरी हवं होतं. आणि फोनला हे कसं कळतं देव जाणे, पण रात्री अकरा वाजता बरोब्बर तीच जाहिरात समोर. क्रेव्हिंग गायब, तीन बाटल्यांचा कॉम्बो.

पहिला कॉम्बो गार्सिनिया कँबोजियाचा होता. पार्सल आलं, मी बाटलीवरचं फळाचं चित्र सासूबाईंना दाखवलं. त्या देवगडकडच्या. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "गो बाय, ही तर आपली सोलां!" अगदी सोलं नव्हती, पण चुलत बहीण म्हणायला हरकत नाही, आपलं कोकम गार्सिनिया इंडिका आणि हे केरळात माशाच्या कालवणात घालतात ते. दोन्हीत तेच ते हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड, ज्याच्या नावावर सगळा धंदा चाललाय. "सोलकढी पिऊन कोण बारीक झाला गो?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा भाचा बी.फार्म झालेला, त्याने व्हॉट्सॲपवरच मला झोडपलं. म्हणाला मावशी, यावर १९९८ मध्येच अमेरिकेत १३५ लोकांवर बारा आठवडे प्रयोग झाला होता, अर्ध्यांना हे आणि अर्ध्यांना नुसती बनावट गोळी, आणि वजनात काही फरक पडला नव्हता. वर म्हणे गार्सिनिया असलेल्या सप्लिमेंटने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत, तू डोळे पिवळे करून घेऊ नकोस. मला तोवर अठरा दिवस झाले होते आणि फायदा शून्य, फक्त छातीत जळजळ. उरलेल्या अडीच बाटल्या परत घ्यायला ती कंपनी तयार नव्हती, सील फोडलंय म्हणे. अहो, एकाच बाटलीचं फोडलंय की. असो, ते पैसे गेलेच.

मधल्या काळात ऑफिसातल्या एकीने एक पावडर आणली, तिच्या जिममधल्या कुणाकडून. साध्या प्लास्टिकच्या डबीत, ना लेबल ना लायसन्स नंबर, आयुर्वेदिक आहे एवढंच. तिला दोन दिवसांत भूकच लागेना, पोरगी नुसत्या चहावर दिवस काढायची आणि खूश. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. पण पाचव्या दिवशी तिला जिना चढताना इतकी धडधड झाली की तिथेच पायरीवर बसली. आमच्या फॅमिली डॉक्टरांना मी हे सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले हर्बल म्हणून विकतात त्यातल्या कितीतरी मालात चोरून सिब्युट्रामीन घातलेलं सापडलंय, ते भूक मारतं हे खरंच पण हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका म्हणून २०११ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. जे औषध दोन दिवसांत भूक मारतं त्याला आधी घाबर, हे त्यांचं वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिने डबी फेकली. असं म्हणते तरी.

मग मी त्यांनाच विचारलं, की असं काहीच नाहीये का ज्याने नुकसान न होता जरा आधार मिळेल. ते म्हणाले फायबर घेऊन बघ, पण चमत्कार होईल असं समजू नकोस. आणि भाच्याने नाव सुचवलं ग्लुकोमॅनन. कोंजॅक नावाचा एक कंद असतो चीन-जपानकडे, त्याची पावडर. पाणी लागलं की फुगते, पोटात जेलीसारखी होते, पोट भरल्यासारखं वाटतं. मी म्हटलं कसला कंद, तर शोधताना कळलं हा चक्क सुरणाच्या घराण्यातला, ॲमॉर्फोफॅलस दोघांचंही आडनाव. सासूबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की कवळी सांभाळावी लागली. "आधी सोलां, आता सुरण. उद्या काजूची बोंडा आणशील बाटलीतनं."

बाटली आली ९० कॅप्सूलची, ८९९ रुपये. बाजूला बारीक अक्षरात हेल्थ सप्लिमेंट आणि औषधी वापरासाठी नाही असं लिहिलेलं, ते कायद्याने लिहावंच लागतं. जाहिरातीत महिन्याचा कोर्स, रोज तीन. आता गंमत बघा. एका कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅम. युरोपातल्या अन्नसुरक्षेवाल्यांनी वजनाबद्दलचा दावा मान्य केलाय तो दिवसाला तीन ग्रॅमचा, एकेक ग्रॅम तीन वेळा, जेवणाआधी, एक-दोन ग्लास पाण्याबरोबर, आणि तेही कमी कॅलरीचं जेवण चालू असताना. म्हणजे रोज सहा कॅप्सूल हव्यात. महिन्याचा कोर्स पंधरा दिवसांत खल्लास आणि खर्च दुप्पट. बाटलीवर तीन लिहिल्या की महिन्याचा आकडा छान दिसतो, बाकी काही नाही. मी अकाउंट्सला आहे, मला हे दिसायला अर्धा मिनिट लागला, पण राग जायला दोन दिवस पुरले नाहीत.

पहिल्या रविवारी मी एक प्रयोग केला. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन एक कॅप्सूल फोडून टाकली, ढवळलं आणि ठेवून दिलं. चहा उकळेपर्यंत ते दाट झालं, चहा गाळून होईपर्यंत चमचा उभा राहील की काय असं वाटायला लागलं. गढूळ, लिबलिबीत, वास थोडासा माशासारखा. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "खळ झाली की गो! पतंग चिकटव." आणि मला पहिल्यांदा या प्रकारावर जरा विश्वास बसला, कारण निदान डोळ्यासमोर काहीतरी होतंय. गार्सिनियाने पेल्यात काय केलं असतं, काही नाही.

बरं, आता मुंबईकर बाईचा प्रॉब्लेम. ही कॅप्सूल घ्यायची म्हणजे प्रत्येक वेळी दोन ग्लास पाणी. सकाळचं ठीक, दुपारचंही ठीक. संध्याकाळची मी सव्वासहाला ऑफिसातून निघायच्या आधी घ्यायचे, म्हणजे घरी जाईपर्यंत फुगून तयार, स्टेशनबाहेरचा वडा टळेल असा हिशोब. वडा टळायचा. पण सीएसएमटी ते भांडुप स्लो गाडीत पन्नास मिनिटं, गाडीत बाथरूम नाही, आणि पोटात पाऊण लिटर पाणी (आमच्या ऑफिसचे ग्लास मोठे आहेत). भायखळ्यापर्यंत ठीक असायचं, दादरला मी पाय बदलायला लागायचे, कुर्ल्यानंतर देवाचं नाव. स्टेशनवरच्या बायकांच्या बाथरूमबद्दल मी इथे काही लिहीत नाही, जिला माहीत आहे तिला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात पोटात गॅस पण भयंकर, चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसलेली मी आणि पोटातून बेडकासारखे आवाज, शेजारची मुलगी कानातले इअरफोन काढून माझ्याकडे बघतेय.

यावर मी जो उपाय काढला तो मूर्खपणाचा होता. पाणी कमी प्यायला लागले. दोन ग्लासचा एक केला, एकाचा अर्धा. आणि जूनमधल्या एका गुरुवारी उशीर झाला, गाडी पकडायच्या नादात ऑफिसात घ्यायची राहिली, ती मी गाडीत घेतली. बाटलीत तळाला दोन घोट होते. दोन कॅप्सूल, दोन घोट.

कुर्ला सोडलं आणि छातीच्या वर, इथे, गळ्याच्या खड्ड्याखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. आवंढा गिळला तर तो खाली जाऊन परत वर. श्वास चालू होता, बोलता येत होतं, पण लाळ गिळली की दुखायचं आणि दर मिनिटाला ते मोठं होतंय असं वाटत होतं, आणि मला आठवला तो स्टीलचा पेला. घामाने ब्लाउज भिजला. माझ्यासमोर मटार सोलत बसलेल्या मावशी होत्या, रोजच्या, नाव माहीत नाही, आम्ही सगळ्या त्यांना मटारवाल्या मावशीच म्हणतो. त्यांनी माझा चेहरा बघितला, पिशवी बाजूच्या बाईच्या मांडीवर टाकली आणि उठल्या. कुणीतरी पाण्याची बाटली दिली, कुणी केळं पुढे केलं, एक कॉलेजची मुलगी म्हणाली काही खायला देऊ नका, आणि मावशी माझी पाठ चोळत, "घोट घोट पी गं, घाई नको." घाटकोपरला दोघी जणी माझ्याबरोबर उतरल्या, त्यांना विक्रोळीला आणि मुलुंडला जायचं होतं तरी. बाकड्यावर बसून मी घोट घोट पाणी पीत होते, आणि वीसेक मिनिटांनी ते खाली सरकलं. म्हणजे सरकल्याचं कळलं मला, ढेकळासारखं.

डॉक्टरांकडे गेले त्याच रात्री. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले ही वस्तू फुगण्यासाठीच घेतेस ना, मग ती कुठे फुगणार हे पाण्यावर ठरतं. ऑस्ट्रेलियात तर १९८० च्या दशकातच याच्या गोळ्यांवर बंदी घातली होती, अन्ननलिकेत अडकून लोक हॉस्पिटलात गेले म्हणून. भरपूर पाणी नसेल तर घ्यायचीच नाही, झोपायच्या तोंडावर घ्यायची नाही, आणि छातीत दुखलं किंवा गिळता येईना तर केळं खात बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची. मग त्यांनी विचारलं सकाळची कधी घेतेस. मी म्हटलं साडेसातला, नाश्त्याआधी. आणि थायरॉईडची? साडेसहाला. त्यांनी कपाळाला हात लावला. फायबर बरोबर आलं की थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची टीएसएच टेस्ट करून घेतली, फेब्रुवारीत ३.१ होतं ते ७.४ निघालं. सगळं याच्यामुळेच असं ते छातीठोक म्हणाले नाहीत, पण सकाळची कॅप्सूल बंद केली आणि दोन महिन्यांनी ते खाली आलं एवढं मी सांगू शकते. मला थायरॉईड आहे, मी सप्लिमेंट सुरू करताना त्यांना दोन्हीच्या वेळा का नाही सांगितल्या? कारण माझ्या डोक्यात ते औषधच नव्हतं, नुसता सुरण होता.

यानंतर नवऱ्याने बाटली उचलून कचऱ्यात टाकायला घेतली, मी दिली नाही. कारण साडेचारचं फरसाण खरंच सुटलं होतं. मी एका जुन्या डायरीत लिहीत होते, वेळ, काय खावंसं वाटलं, दहापैकी किती. दुपारच्या जेवणाआधी दोन कॅप्सूल आणि दोन ग्लास पाणी घेतलं की साडेचारचा आकडा आठवरून चार-तीनवर यायचा. संध्याकाळचाही उतरला होता, गाडीतलं प्रकरण होईपर्यंत. पण रात्री साडेदहाचा? नऊ, नऊ, आठ, नऊ, दहा. तीन आठवडे सलग. रात्रीच्या जेवणाआधी घरी बसून, बाथरूम चार पावलांवर असताना, अगदी नियमाने घेतलेली असायची तरी नऊ. पोट टम्म, आणि हात शेवेच्या डब्यात. पोट भरलेलं असताना खाल्ल्यामुळे वर ॲसिडिटी.

त्या डायरीकडे बघून मला पहिल्यांदा असं वाटलं की दुपारची ती भूक होती आणि रात्रीची ती भूक नव्हतीच. दुपारी मी डब्यात दोनच पोळ्या न्यायचे, डाएट म्हणून, आणि मग साडेचारला वाघ व्हायचे, ते कंदानेही थांबलं असतं आणि तिसऱ्या पोळीनेही. रात्रीचं वेगळं. सकाळी साडेपाचपासून तोवर मी एक मिनिट नुसती उभी नसते. ओटा पुसल्यावरच्या त्या पंधरा मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही. त्यात शेव आली कशी आणि कधी, ते काही डायरीत सापडलं नाही.

ऑगस्टअखेर गणपती आले आणि कॅप्सूल आपोआप सुटली. सासूबाई उकडीचे मोदक करतात, एकवीस नैवेद्याचे आणि बाकी घरचे, पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं. त्याच्या आधी दोन ग्लास पाणी पिऊन पोटात खळ करायची? मी पहिल्या दिवशी पाच खाल्ले, वर तूप घालून, बसून, लाईट लावून. आणि त्या रात्री ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा आकडा तीन होता. नंतर परत वाढला, उगाच काही छानछान सांगत नाही.

परत सुरू केली ती फक्त दुपारची, आणि बाटली संपल्यावर तीही नाही. आता त्या जागी एक चमचा इसबगोल, पाण्याबरोबरच, थायरॉईडच्या गोळीपासून लांब. काम थोडंफार तेच करतं, आपल्या गुजरातेतूनच येतं आणि किंमत बघितली की ८९९ आठवून पोटात दुखतं. तिसरी पोळी डब्यात परत आली. एप्रिलमध्ये ७१ होते, नोव्हेंबरमध्ये ६७.८. कॅप्सूलचं त्यात किती, पोळीचं किती, आणि भांडुपला पुलावरून न उतरता लांबच्या जिन्याने गेल्यावर वड्याचा वास लागत नाही याचं किती, मला वेगळं करून सांगता येणार नाही. एचबीएवनसी ५.८. मटारवाल्या मावशी अजून रोज विचारतात, "गोळी नाही ना घेतलीस गं?" आणि आता मलाही अर्धी पिशवी सोलायला देतात, हात कामात असला की खायचं सुचत नाही म्हणे.

शेवेचा डबा मी माळ्यावर टाकला, स्टुलाशिवाय हात पोचत नाही असा. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज. सासूबाई. पंच्याहत्तरी उलटलेली, शुगर आहे, बीपी आहे, आणि फ्रिजच्या दिव्यात स्टुलावर एक पाय ठेवून उभ्या. मी हात धरून खाली उतरवलं, म्हटलं आई, पडाल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग तू चढ."